मिस्त्रीचा आहेर

“ते रक्कम वाढवून देतायत, आणि तुम्ही नाही म्हणताय?” केजच्या कोर्टाच्या व्हरांड्यातच माझा आवाज चढला. माझा पक्षकार रशीदमिस्त्री पिशवी छातीशी धरून उभा.

“पैशाचं न्हाई मॅडम. उत्तमरावनं चार लोकांत म्हणावं, घर रशीदनं चांगलं बांधलं.”

“असं म्हणायला कोर्ट कुणाला लावत नाही.”

“मग केस चालू द्या.”

युसूफ वडगावच्या उत्तमरावांनी मेंढ्या विकून घर बांधायला काढलं होतं. स्लॅब एका कोपऱ्यात पाझरला. त्यांनी मिस्त्रीला चोर म्हणत शेवटचा हप्ता अडवला, मिस्त्रीने दावा लावला. गावात बोभाटा झाला आणि मिस्त्रीला नवं काम मिळेना. माझ्या ऑफिसात बसला की तो नकळत भिंतीच्या प्लास्टरवरून हात फिरवत राही. मला फार वाईट वाटायचं, म्हणूनच मी त्याच्यावर जास्त चिडायचे.

निकालाआधी समोरचा ‘एवढं घ्या आणि मिटवा’ म्हणतो, ती सेटलमेंट ऑफर. ती नाकारताना पुढचा खर्च बघावा लागतो. आता घर तपासून रिपोर्ट द्यायला कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाने नेमलेला इंजिनिअर, येणार होता. त्याची फी, माझी फी, तारखांपायी बुडणारी उरलीसुरली रोजी. बरं, जिंकलं तरी कोर्ट समोरच्याकडून जो खर्च देववतं, त्यात झालेला खर्च क्वचितच निघतो. हे सगळं मी मिस्त्रीला समजावलं. त्याने शांतपणे मान डोलावली आणि कमिशनरची फी भरून आला. कपाळाला हात लावण्यापलीकडे माझ्या हातात काही उरलं नाही.

ठरल्या दिवशी आम्ही युसूफ वडगावला गेलो. इंजिनिअर वर स्लॅबवर पाणी सोडून बघत होता, उत्तमराव दारात उभे होते. खाली घर रिकामं होतं. शेगडी नाही, खाट नाही. शेजारच्या पत्र्याच्या खोलीतून उत्तमरावांच्या पत्नी, रुक्मिणबाई, चहा घेऊन आल्या.

“अजून राहायला नाही आलात?” मी विचारलं.

“कसं यावं? वास्तुशांत कुठं झाली?”

“ती का राहिली?”

“मिस्त्रीला आहेर केल्याबिगर वास्तू करतेत का बाई?”

आमच्याकडे वास्तुशांतीला मिस्त्रीला पाटावर बसवून पूर्ण आहेर करतात. त्याचं काम मालकाला पसंत पडलं, हे सगळं गाव तिथे बघतं.

रुक्मिणबाई आत जाऊन एक गाठोडं घेऊन आल्या. शर्टाचं पांढरं कापड, टॉवेल आणि जाळीची टोपी. “स्लॅब पडला तवाच आणून ठिवलं. भांडण ह्यांचं हाय, माझं न्हाई.”

रशीदमिस्त्रीने टोपी पाहिली आणि तोंड फिरवलं. मग उत्तमरावांना म्हणाला, “कोपऱ्यात उतार कमी पडला. मी करून देतो.”

“हे आधी काहून न्हाई म्हणलास?”

“तुमी आधी चोर म्हणला.”

“चुकलंच माझं,” उत्तमराव पुटपुटले.

“आता दोघंबी चहा प्या,” रुक्मिणबाई म्हणाल्या. माझे डोळे भरून आले होते. ते लपवायचं काही कारण मला दिसलं नाही.

लोकअदालतीत आम्ही अटी दिल्या. मिस्त्रीने उतार दुरुस्त करावा. मालकाने अडवलेला हप्ता द्यावा. वास्तुशांतीला गावासमोर मिस्त्रीला पूर्ण आहेर करावा. दाव्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावा. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“वकीलबाई, आहेराची अट मोडली तर अंमलबजावणी कोण करणार?”

“रुक्मिणबाई करतील, साहेब.”

साहेब हसले आणि त्यांनी सही केली. मिटल्यामुळे कोर्ट फी तेवढी परत मिळाली.

वास्तुशांतीला मीही गेले. मिस्त्री पाटावर बसला. उत्तमरावांनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि घसा खाकरून मोठ्याने म्हणाले, “घर रशीदनं बांधलं. लई चांगलं बांधलं.” मिस्त्रीने त्याच नव्या टॉवेलने डोळे पुसले. जेवणं उरकायच्या आत गावातले दोघं जण त्याला आपापल्या नव्या घराच्या पायाचं काम दाखवायला घेऊन गेले.

तेव्हापासून बांधकामाचा दावा आला की मी कागद नंतर मागते. आधी विचारते, वास्तुशांत झाली का, आणि मिस्त्रीला बोलावलं होतं का?