पिशोरला गोणपाट उघडायला गेले आणि मान खाली घालून आले

पिशोरहून आमच्या शेतकरी कंपनीच्या दत्ताभाऊंचा फोन आला. "ताई, कंपनी गोत्यात आहे. रब्बी मक्याचं बियाणं आलंय. गोणपाट तुम्हीच उघडा, लोक तुमचं ऐकतात." कंपनी उभी करताना मी त्यांच्यासोबत होते, आता शहरात नोकरी करते. हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि निघाले.

जाणार असाल तर छत्रपती संभाजीनगरहून सकाळची सिल्लोड एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट. फुलंब्रीपर्यंत डुलकी लागते, पुढं हाडं खिळखिळी होतात. सिल्लोडला गाडी बदलावी लागते. स्टँडसमोर वीस रुपयांत गरम भजी, मिरची फुकट आणि जहाल. माझे डोळे भरलेले बघून शेजारचे चाचा म्हणाले, "बाजी, पहले पानी पियो." बाजी म्हणजे ताई.

आमच्या कंपनीचा एकच नियम होता. माल आला की प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवड्यानं सगळ्यांसमोर उघडून कोंब मोजायचे, मगच विक्री. कमी उगवलं तर अख्खा लॉट परत. एकदा असा माल परत पाठवून आम्ही तोटा सोसला, तेव्हा सगळ्यात ताठ मानेनं दत्ताभाऊच फिरले होते.

आता पोचले तर मांडव, हार, फोटोवाला. मी गोणपाट उघडलं. टरारून कोंब आलेले! टाळ्या पडल्या. पहिल्यापासूनच्या सभासद सखूबाई म्हणाल्या, "तू उघडलंस ना ताई, मंग काय बघायचं!" आणि बियाणं घ्यायच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

पाणी प्यायला गोदामात गेले. गोणपाटातल्या चिठ्ठीवर मघाशी एक लॉट नंबर वाचला होता, इथं थप्पीतल्या पिशव्यांवर दुसराच.

"दत्ताभाऊ, ते कोणत्या मालाचं गोणपाट?"

"जुन्या. नवा माल परवाच आला. आठ दिवस थांबलो तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातंय. कंपनी बुडाल्यावर तुमचा नियम काय चाटायचा?"

ते म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून जास्तच संताप आला. नव्या मालातलं मूठभर बियाणं मागून घेतलं, पर्समध्ये टाकलं. बाहेर रांग तशीच होती. चारची गाडी चुकेल असं स्वतःला बजावत मी त्या रांगेच्या शेजारून निघून आले. लिहितानाही लाज वाटते.

घरी दाणे ओल्या फडक्यात ठेवले. आठवड्यानं उघडले तर निम्मेसुद्धा उगवले नव्हते. दत्ताभाऊ फोन उचलेनात. सखूबाईंना लावला.

"पेरून पाणी बी दिलं की, बाई."

मी सगळं सांगितलं. कंपनी तत्त्वापासून कशी ढळली, दत्ताभाऊ कसे बदलले, तावातावानं सांगितलं. सखूबाईंनी एवढंच विचारलं,

"तुला हे तिथंच कळलं व्हतं?"

"हो."

"मी रांगेतच व्हते की गं. तू गेलीस तवा माझ्या म्होरं अजून चार माणसं व्हती."