रत्नाबाई आणि आपला आपण वाढणारा रोबो

रत्नाबाई चौगुल्यांनी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि त्यातला बराच काळ लोकांच्या दारात उभं राहण्यात घालवला. खानेसुमारी झाली, मतदार याद्या झाल्या, पोलिओचे डोस झाले, कुणाच्या घरी संडास आहे आणि कोण अजून ओढ्याला जातं हेही लिहून झालं. नेसरीत एकदा आतून तिघांनी एका सुरात "घरात कोण न्हाय" म्हणून सांगितलं होतं. माणसांबद्दल बाईंचं मत तेव्हापासून जे बिघडलं, ते निवृत्त झाल्यावरही सुधारलं नाही.

म्हणून सौमित्र सर्व्हेचं काम घेऊन आला तेव्हा त्यांनी आधी नाहीच म्हटलं. सौमित्र त्यांच्या जुन्या सहकारी बाईंचा मुलगा, एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्ववर्धनशील व स्वदुरुस्तीक्षम यंत्रमानवांविषयी सार्वजनिक प्रतिक्रिया'. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. आपला आपण वाढणारा आणि मोडला तर आपला आपण नीट होणारा रोबो, एवढंच म्हणायला याला इतके जड शब्द लागतात, असं त्यांच्या मनात आलं. पण घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं म्हणून त्या तयार झाल्या.

काम सोपं होतं. आधी विचारायचं, अशा रोबोची भीती वाटते का, एक ते पाचमध्ये सांगा. मग टॅबवर दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचा आणि तेच पुन्हा विचारायचं. व्हिडिओत टोकाला लोहचुंबक लावलेल्या काड्या होत्या. एक काडी सरपटत दुसरीला चिकटायची, त्यांचा त्रिकोण व्हायचा, त्रिकोण आणखी काड्या गोळा करून मोठा व्हायचा आणि चालायला लागायचा. एखादी काडी निकामी झाली की ती टाकून दुसरी लावून घ्यायचा.

गडमुडशिंगीच्या दूध संस्थेपाशी दूध घालायला आलेल्या कृष्णातनं हे सगळं पाहून एवढंच विचारलं, की ह्यो धार काढंल काय. नाही म्हटल्यावर त्याचा विषय संपला. मोबाईलच्या दुकानातला राजवीर दोन वर्षांत हे रोबो माणसं संपवणार म्हणून ठासून सांगत होता. व्हिडिओ चालू असताना तो स्वतःच्या फोनमध्ये बघत होता. म्हाताऱ्या तानाबाईंनी टॅबला हात जोडले. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी व्हिडिओ नकोच म्हटलं आणि अर्धा तास मानवजातीच्या भवितव्यावर भाषण दिलं. बाई उभ्या होत्या. गृहस्थांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

चाळीस फॉर्म भरून झाले. व्हिडिओच्या आधी ज्यानं पाच सांगितलं त्यानं नंतरही पाचच सांगितलं. एक म्हणणाऱ्याचा एकच राहिला. दोन मिनिटं डोळ्यांसमोर काय हललं ते कुणी बघितलंच नव्हतं. बाईंना याचं नवल वाटलं नाही, फक्त पाय दुखले.

एक्केचाळिसावा पिराजी. जळालेल्या मोटारींत नवीन तार भरून द्यायचं त्याचं दुकान बसस्टॉपला लागून होतं. उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. त्यानं व्हिडिओ एकदा पाहिला, परत लावायला सांगितला आणि तिसऱ्यांदा टॅब स्वतःच हातात घेतला.

"बाई, ही काडी पडलेली हाय, का दुसऱ्या रोबोची काढून घेतली?"

बाईंनी तो व्हिडिओ कितीतरी वेळा दाखवला होता. काडी कुठून आली हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत माहिती होती, ती त्यांनी वाचून सांगितली. दुसऱ्याचीही घेऊ शकतो.

"मंग ज्याची घेतली त्यो चालतोय काय फुडं?"

ते लिहिलेलं नव्हतं. पिराजीनं टॅब परत दिला. कारखान्यात प्रेसखाली बोटं गेली तेव्हाची गोष्ट त्यानं सांगितली, अगदी सहज. प्रेसचा एक भाग वाकला होता. चौथ्या दिवशी प्रेस नीट होऊन चालू झाली, तिच्यावर दुसरा माणूस बसला. पिराजी तेव्हा दवाखान्यात होता.

"मशीन नीट हुतंय ह्याचं मला काय न्हाय. नीट हुताना कुणाचं काय गेलं ते बगा, एवढंच लिवा. ह्यात कुठं बसतंय?"

एक ते पाचमध्ये ते बसत नव्हतं. बाईंनी आकड्याचा रकाना रिकामा ठेवला आणि फॉर्म उलटा करून मागच्या बाजूला त्याच्याच शब्दांत सगळं लिहून घेतलं.

महिन्याभरानं कॉलेजच्या सभागृहात निष्कर्ष मांडले गेले. पडद्यावर रंगीत गोल आले. ग्रामीण भागात भीतीचं प्रमाण अधिक, जागृतीची गरज, असं सौमित्रनं इंग्रजी मिसळत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बँकवाले गृहस्थ पहिल्या रांगेत होते, त्यांनी जास्तच. कोपऱ्यातल्या एका करड्या तुकड्यावर 'मत नाही : १' असं लिहिलं होतं. तो पिराजी होता, हे बाईंना लगेच कळलं.

त्याचं म्हणणं कुठे गेलं, असं त्यांनी उभं राहून विचारलं. सौमित्र नम्रपणे म्हणाला, की मागच्या बाजूचं लिखाण सॉफ्टवेअरमध्ये भरता येत नाही. बाईंनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून तो फॉर्म शोधून काढला आणि शाळेत धडा वाचायच्या त्याच आवाजात शेवटपर्यंत वाचला. वाचन संपल्यावर सूत्रसंचालकांनी या हृदयस्पर्शी प्रतिक्रियेबद्दल आभार मानले आणि बाहेर अल्पोपाहाराची सोय आहे असं जाहीर केलं.

बाई अल्पोपाहाराला थांबल्या नाहीत. फॉर्म पर्समध्ये घालून त्यांनी गडमुडशिंगीची बस पकडली. पिराजी एका मोटारीत तार भरत होता. त्याला त्यांनी सगळं सांगितलं, करड्या तुकड्यासकट.

"मत न्हाय व्हय," तो मान वर न करता म्हणाला. "बरं झालं. आमाला बी त्यांच्याबद्दल कायच मत न्हाय."

बाई खूप दिवसांनी मोठ्यानं हसल्या. त्यानं पायानं स्टूल पुढे सरकवलं आणि त्या बसल्या.