शबाना बींचा हलका कॅमेरा

शबाना बींनी मोठा कॅमेरा दोन्ही हातांनी उचलला, डोळ्याला लावला आणि अर्ध्या मिनिटात परत काउंटरवर ठेवला. मग डाव्या हातानं उजवं मनगट चोळत म्हणाल्या, "ये नक्को, भाईसाब. हाथ रह जाता."

"आदत हो जाती, आपा," आमचे मालक शेखरराव म्हणाले.

मनगटावर टाक्यांची लांब खूण होती, ती मला दिसली होती. ज्या हाताला अर्ध्या मिनिटात कळ लागते त्याला सवय होत नसते.

हैदराबादला सुलतान बाजारातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात मी एकतीस वर्षं काउंटर सांभाळलं. आता नल्लकुंट्याला घरीच असतो. शेखररावांच्या वडिलांच्या वेळी मी कामाला लागलो, त्यामुळे शेखरराव मला काका म्हणायचे आणि माझं ऐकायचे नाहीत. ही गोष्ट आत आरसा नसलेले, हलके मिररलेस कॅमेरे अजून सगळ्यांच्या तोंडी नव्हते तेव्हाची. नव्यानं शिकणारा माणूस साधा, स्वस्तातला डीएसएलआर घ्यायचा, म्हणजे आरशाचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा.

शबाना बी नव्यानं शिकणाऱ्या नव्हत्या. बारा वर्षं त्यांनी शिवणकाम केलं. जिन्यावरून पडल्या, मनगट मोडलं, आत पट्टी बसवली आणि मशीन सुटलं. मग त्यांनी दुसरी वाट धरली. आमच्या हैदराबादेत मुसलमान घरच्या लग्नांत बायकांची बाजू वेगळी असते आणि तिथं पुरुष फोटोग्राफर जात नाही. म्हणून बायका फोटोग्राफरांना मोठी मागणी. अशाच एका बाईंच्या हाताखाली लाइट धरत शबाना बी वर्षभर शिकल्या आणि आता त्यांना एका लग्नाचं पहिलं स्वतंत्र काम मिळालं होतं. आधी मांजे, म्हणजे हळदीचा कार्यक्रम, आणि चार दिवसांनी निकाह. हे लग्न नीट झालं तर पुढची येणार होती. बिघडलं तर बायकांच्या त्या जगात दुसऱ्याच दिवशी सगळीकडे बोभाटा झाला असता.

"काका, तुम्ही समजून घेत नाही," माझी नजर छोट्या कॅमेऱ्यांकडे गेलेली बघून शेखररावांनी मला बाजूला घेतलं. "लग्नात लोक आधी कॅमेरा बघतेत, फोटो मागून. खेळणं घेऊन गेल्या तर ह्यांना कोण विचारंल?"

"शेखरराव, लग्न सहा तास चालतं. सहा तास हा धोंडा गळ्यात घालून तुम्ही उभे राहा, मग बोलू."

"मी कशाला उभा राहू? मला काय फोटो काढायचेत?"

मी काउंटरवर परत आलो आणि सगळ्यात छोटा डीएसएलआर काढला. बॉडी अर्ध्या किलोच्या आतली. बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा. सोबत दोन किट लेन्स. किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्याच्या खोक्यातच मिळणारी लेन्स. शौकीन मंडळी तिला नाकं मुरडतात, पण निम्म्या जगाचे वाढदिवस तिच्यावरच निघालेत. एक १८-५५, जवळच्या आणि मधल्या अंतरासाठी. दुसरी ५५-२५०, लांबचं जवळ आणणारी. आकडा वाढत जाईल तसं लांबचं जवळ येतं, एवढं कळलं की पुरे.

माझी एक पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या गळ्यात कॅमेरा अडकवायचा आणि गप्पा मारत अर्धा तास उभं ठेवायचं. हातात घेतला की कुठलाही कॅमेरा बरा वाटतो. खरं काय ते मान सांगते. शबाना बींनी आपल्या दोन मुलींच्या शाळेचं सांगितलं, मी माझ्या शुगरचं सांगितलं. बोलणं संपलं तशा त्या "चलती मैं" म्हणून कॅमेरा गळ्यात घेऊन सरळ पायऱ्या उतरायला लागल्या. शेखरराव ओरडले, "आपा! बिल!" त्या लाजून परत आल्या. गळ्यात काही आहे हेच त्या विसरल्या होत्या. मी शेखररावांकडे बघितलं. ते बिलबुकात बघत होते.

निघताना मी त्यांना सल्लाही दिला, न मागता. "लांबची लेन्स लावा. स्टेजपासून दूर उभ्या राहा. कुणाच्या मध्ये मध्ये करू नका. फोटोग्राफर दिसला नाही पाहिजे." ऐटीत सांगितलं. शेकडो लग्नांतल्या फोटोग्राफरांना मी हेच सांगत आलो होतो.

मांज्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडतंय तोच शबाना बी दारात. डोळे सुजलेले.

"भाईसाब, सब फोटू हिले वे हैं. दुल्हन की अम्मी बोले, निकाह के वास्ते दूसरी को बुला लेतूं. मैं हाथ जोडी. बोले, एक मौका और देती."

निकाह तीन दिवसांवर. शेखररावांना संधीच मिळाली. "मी म्हटलो होतो काका. द्या बदलून तो मोठा."

"थांबा हो," मी म्हणालो. शबाना बींना म्हटलं, "दिखाओ फोटो."

त्यांनी कॅमेरा सुरू केला आणि त्याच्या मागच्या पडद्यावर हाताचा पंजा दाबून धरला. "वो नै दिखा सकती. सब औरतां बेपर्दा बैठे वे हैं. मैं दुल्हन की अम्मी को जबान दी."

इतक्या वर्षांत मी वाळू गेलेल्या, पाण्यात पडलेल्या, पोरांनी दात लावलेल्या कॅमेऱ्यांचा तपास केला होता. पण फोटो न बघता फोटो का बिघडला हे सांगायची वेळ कधी आली नव्हती. आणि खरं सांगतो, त्या बाईंचं मला फार कौतुक वाटलं. पोटावर पाय यायची वेळ आली होती. पडदा माझ्याकडे फिरवला असता तर कुणाला कळणार होतं? पण त्यांनी पंजा काढला नाही.

"ठीक आहे," मी म्हणालो. "नका दाखवू."

प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा काही आकडे जपून ठेवतो. लेन्स किती लांबवर होती, उजेड आत सोडणारं शटर किती वेळ उघडं होतं, फ्लॅश उडाला की नाही. मी काउंटरच्या या बाजूला पाठ फिरवून बसलो, जुन्या बिलाचा मागचा कोरा भाग समोर घेतला. शबाना बी त्या बाजूनं एकेका फोटोचे आकडे वाचत गेल्या आणि मी लिहीत गेलो. शेखरराव कपाळाला हात लावून बघत होते.

दोनशे वीस, एक बटे पंधरा. दोनशे पन्नास, एक बटे दहा. दोनशे, एक बटे पंधरा. पहिला आकडा लेन्सचा; एक बटे पंधरा म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा वेळ शटर उघडं. लांबची लेन्स लावून एवढा वेळ कॅमेरा स्थिर धरणं पैलवानालाही जमायचं नाही.

"फ्लॅश?"

"बंद. दूर तक उजाला पहुंचताच नै. काला आ रहा था तो मैं बंद कर दी."

"आता नीट बघून सांगा. नुसती माणसं हललीत की मागचं झुंबरही?"

ही खरी परीक्षा. माणसंच पुसट असतील तर ती हललेली असतात. सगळंच पुसट असेल तर कॅमेरा धरणारा हात हललेला असतो.

त्या बघत होत्या. "झुंबर भी हिला वा, दीवार भी."

म्हणजे हात. म्हणजे कॅमेऱ्यात दोष नाही. मोठा कॅमेरा दिला असता तर हात याहून जास्त थरथरला असता. मी हे शेखररावांना ऐकवणार तेवढ्यात शबाना बी म्हणाल्या, "एक फोटू अच्छा है. दुल्हन की नानी का. बाल बाल दिखता."

"त्याचे आकडे?"

"चौबीस. एक बटे साठ. फ्लॅश चालू."

मी पाठमोराच ताठ झालो. चोवीस म्हणजे दुसरी, जवळची लेन्स. "नानी किती लांब होत्या?"

"लांब कायकू? मेरा हाथ पकड के बाजू में बिठा लिए. बोले, आ बेटी, मेरी तस्वीर ले."

"तुम्हाला इतक्या जवळ जाऊ देतात?"

रडवेल्या शबाना बी पहिल्यांदा हसल्या. "भाईसाब, औरतों में औरत को कौन रोकता? दुल्हन खुद बुला रही थी. मैंच नै गई. आप बोले सो करी ना मैं, दूर खडी रही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुरुषांच्या बाजूला स्टेजसमोर व्हिडिओवाले, ड्रोनवाले, मामे, काके यांची भिंत असते. तिथं दूर राहूनच काम करावं लागतं. मी आयुष्यभर तीच बाजू ऐकत आलो. बायकांच्या बाजूला मी कधी गेलोच नव्हतो आणि तरी शहाणपण सांगून बसलो. कॅमेरा बरोबर निवडला होता. उभं राहायची जागा चुकीची सांगितली होती.

"शबाना बी, चूक माझी आहे," मी म्हणालो. शेखररावांसमोर म्हणालो, हे विशेष.

मग कामाला लागलो. लांबची लेन्स काढून घेतली आणि तिच्या बदल्यात वर बसवायचा छोटा फ्लॅश दिला. वजन जवळपास तेवढंच राहिलं. फ्लॅशचं तोंड नवरीकडे करायचं नाही, वर छताकडे करायचं. हॉलला पांढऱ्या कापडाचं छत बांधतात, त्यावर आपटून उजेड मऊ होऊन खाली येतो. लेन्स अठरा ते पस्तीसच्या मध्ये. जवळ जायचं, अगदी हाताच्या अंतरावर. दुरून डोंगर साजरे दिसतात, नवऱ्या नाही.

सराव पाहिजे होता. शेखररावांना स्टुलावर बसवलं आणि कॅमेरे पुसायचं पिवळं फडकं त्यांच्या डोक्यावर टाकलं.

"काका, हे काय लावलंय?"

"नवरी बोलत नसते. मान खाली घाला."

शबाना बींनी तासभर त्यांचे फोटो काढले. मी पाहुणी होऊन मध्ये मध्ये वाकत होतो, हात हलवत होतो. हे फोटो मला बघता येत होते. शेखररावांच्या पापण्या मोजता आल्या. मालकाला मान्य करावं लागलं, पण त्यांनी फडकं काढून नुसतं "हं" म्हटलं.

निकाहनंतर चार दिवस काही निरोप नाही. मी बाहेरून शांत होतो, आतून नव्हतो. पाचव्या दिवशी दुपारी बुरख्यातल्या एक वयस्कर बाई दुकानात आल्या, बरोबर कॉलेजातली मुलगी. "शबाना को कॅमेरा आप दिए?"

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. "हौ जी."

"मैं दुल्हन की अम्मी. ये मेरी छोटी. इसको भी वैसाच होना."

शेखरराव लगबगीनं शोकेसकडे गेले आणि तो मोठा कॅमेरा घेऊन आले. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "ये नक्को. शबाना का होना."

मला राहवलं नाही. "फोटो कसे आलेत?"

"क्या बोलूं भाईसाब," त्या म्हणाल्या. "मेरी अम्मी तीन बार देखे. हर बार रोए. आपको दिखा नै सकती."

त्या मोसमात शबाना बींना आणखी पाच लग्नं मिळाली. आमच्याकडून तसलेच कॅमेरे किती बायका घेऊन गेल्या हे शेखरराव सांगतील, निवड मात्र आपली होती असं म्हणतील.

कॅमेरा घ्यायला येणारे लोक मला पहिल्यांदा मेगापिक्सेल विचारायचे. मी त्यांना उलट विचारायला लागलो: तुम्ही उभे कुठं राहणार, आणि तिथं तुम्हाला कोण जवळ येऊ देणार? याचं उत्तर आलं की लेन्स ठरते, लेन्स ठरली की वजन कळतं. बाकीचं खोक्यावर छापलेलंच असतं.

माझ्या हातून गेलेल्या कॅमेऱ्यांतले फोटो लोक आणून दाखवायचे. पुरस्कार मिळालेले, वर्तमानपत्रात आलेले. बघून बरं वाटायचं. पण मला सगळ्यात जास्त अभिमान आहे तो शबाना बींनी त्या निकाहमध्ये काढलेल्या फोटोंचा. त्यातला एकही मी पाहिलेला नाही.