कवी : पारंपरिक

शेजारच्या हळदीत डीजेवर सध्या गाजत असलेलं गाणं लागलं आणि खुर्चीत बसलेल्या माझ्या आत्याचा अंगठा मांडीवर तालात दाबला जाऊ लागला, चिखलात कांद्याचं रोप खोचावं तसा.

"आत्या, तुम्हालाही येतं हे?" नाचणाऱ्या पोरींनी विचारलं.

"येतं म्हंजे? म्याच केलंय!"

पोरी खिदळल्या. मला हसता आलं नाही.

खरंच तिनंच केलं होतं, कांदे लावताना. कॉलेजात लोकगीतांच्या प्रकल्पासाठी मी ते उतरवून घेतलं. घरातला पहिला शिकणारा मी, तोही तिच्याच मजुरीवर. तरी कवीच्या रकान्यात अंगठा उठवणाऱ्या बाईचं नाव लिहायची मला लाज वाटली. मी लिहिलं, 'पारंपरिक'. कॉलेजच्या अंकातून ते गाणं कुणा गायकाकडे गेलं आणि तो शब्दही सोबत गेला. आता तो शब्द कुठेही दिसला की वाटतं, यामागेही एखादी आत्या असेल आणि एखादा शिकलेला भाचा.

"सांग की रं यांना," आत्या म्हणाली, "तूच लिहून नेलं हुतंस ना?"

आवाजात ऐकू येत नाही, अशी मी कानाला हात लावून खूण केली.

तेवढ्यात गाणं संपलं. आत्या अजून माझ्याकडेच बघत होती.