शेवाळाची पट्टी

मांडव्याच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आमच्या तुकडीचा फायरिंग कॅम्प होता. तेव्हा या जिल्ह्याला कुलाबा म्हणत. मी नर्सिंग असिस्टंट, जातीचा कोळी, आणि स्वतःला अर्धा डॉक्टर समजणारा. सहाला सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, सातला ड्रेसिंग, रोज तेच.

आमच्या कॅप्टन डॉक्टरांनी विलायतेहून एक डबा आणला होता. जखमेत भरायची पट्टी, समुद्राच्या शेवाळापासून केलेली. रक्त लवकर थांबवते म्हणे. मला हसू आलं. आम्ही जे जाळ्यातून झटकून टाकतो, ते साहेब डब्यात जपून ठेवतात!

एका सकाळी न फुटलेला बाँब निकामी करताना स्फोट झाला. दोघे जखमी. त्यातला एक लान्स नायक शांताराम म्हात्रे, पेणकडचा, माझा जिगरी. त्याची मांडी फाटली होती. साहेबांनी शेवाळाची पट्टी खोल भरली, वर घट्ट बँडेज बांधलं. रक्त थांबलं. दुसरा जवान हलवण्याजोगा नव्हता, म्हणून साहेब त्याच्यापाशी राहिले.

"याला लाँचने मुंबईला ने. बँडेज सोडायचं नाही."

"येस सर."

नऊला लाँच सुटली. साडेनऊला शांताराम म्हणाला, "मांडीत चिकचिकतंय रं. बघ ना जरा."

बँडेजच्या कडेने काहीतरी पिवळट, बुळबुळीत बाहेर आलं होतं. समुद्रातली वस्तू बुळबुळीत झाली म्हणजे सडली, हे आम्हा कोळ्यांना शिकवावं लागत नाही. तसली मासळी आई फेकून द्यायची. मग सडकं जखमेत कसं ठेवायचं? मी बँडेज सोडलं, तो सगळा गर पुसून काढला. त्याबरोबर गोठलेलं रक्तही निघालं.

मांडीतून रक्त उसळलं. मी पॅड कोंबले, दोन्ही हातांनी दाबून धरलं. "लाँच दामटा!" मी लाँच चालवणाऱ्या तांडेलावर ओरडलो.

"वरडू नको रं," शांताराम म्हणाला.

दहा वाजून पाच मिनिटांनी तो गेला. धक्का समोर दिसत होता.

संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रक्त शोषून त्या पट्टीची जेलीच होते. तशीच व्हायला हवी. हे मी तुला सांगायला हवं होतं." रिपोर्टात त्यांनी दोष स्वतःवर घेतला. मी घेऊ दिला. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या रजेत शांतारामच्या घरी गेलो. त्याच्या आईने विचारलं, "लय तरास झाला का रं त्याला?"

"नाही."

तिने तांदळाची भाकरी वाढली. "जेवल्याबिगर जायाचं न्हाय."

मी जेवलो. खरं बोललो नाही.

आता म्हातारी नाही, साहेबही नाहीत. म्हणून इथे लिहितो. लान्स नायक शांताराम म्हात्रे बाँबने मेला नाही. माझ्या हातून गेला.