मागे जाऊ नये

सेवा केंद्रातल्या संगणकावर चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘मागे जाऊ नये.’ रांगेत माझ्यापुढच्या आजी तिथे अर्ज भरून देणाऱ्या मुलीला म्हणाल्या, “बाई, मागच्या पानावर नातीचं नाव चुकलं गं.”

“आजी, मागे गेलं की सगळं पुसलं जातं. पहिल्यापासून भरावं लागेल.”

पडदा ओळखीचा वाटला. जावा या संगणकभाषेतली अर्जाची ही पानं मीच लिहिली होती. कुठल्या पानावरून कुठे जायचं ते ठरवताना, मागे वळणाऱ्याचं लिहिलेलं जपून ठेवायची सोय करायचा मी कंटाळा केला. फार तर एका दुपारचं काम होतं. तेव्हा वाटलं, मागे कोण कशाला जाईल? माणसं तर सारखीच मागे वळतात, मीही वळतो.

आजी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या. मधेच थांबून म्हणाल्या, “माझ्यामुळे तुला त्रास गं.”