हिरव्या डबीचं मलम

छापखान्यात तिला सगळे ताई म्हणायचे. मालकसुद्धा, आणि मालक तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते. बावीस वर्षं ती लेबलं करत आली होती. फिनाईलच्या बाटल्या, खिळ्यांची खोकी, बुटाचं पॉलिश, उंदराचं औषध. गिऱ्हाइकांचं पालुपद ठरलेलं: नाव मोठं करा, फुलं टाका, जरा उठाव आणा. सुरुवातीला ती हुज्जत घालायची. आत काय आहे ते आधी कळलं पाहिजे, मग नाव, मग वजन आणि तारीख. बाकीचं सगळं नाकापेक्षा मोती जड. पण रोज कोण डोकं आपटणार? हळूहळू ती नुसतं "बरं" म्हणायला लागली आणि फुलं टाकायला लागली.

मलमाची डबीही तिने अशीच बदलून दिली होती. गुडघेदुखीचं मलम, चाळीस वर्षं हिरव्या डबीत यायचं. मलम बनवणाऱ्या कारखानदारांचा पुतण्या नवा नवा कामाला लागला आणि त्याला ती डबी म्हाताऱ्यांची वाटली.

"पांढरी करा. मधे बारीक राखाडी अक्षरं. बास," तो म्हणाला.

"लांबून दिसायचं नाही हो ते."

"आता असंच चालतं, ताई."

दुपारचे चार वाजले होते, अजून तीन लेबलं हातावेगळी करायची होती. ती म्हणाली, "बरं."

दोनेक महिने झाले असतील. एका संध्याकाळी ती घरी आली तर सासूबाई भिंतीला धरून स्वयंपाकघरातून बाहेर येत होत्या.

"आई, गुडघा पुन्हा धरला का?"

"सोडला होता कधी त्याने?"

"मलम लावत नाही का?"

"बंद झालं ते. दोनदा जाऊन आले. औषधवाला म्हणाला, हिरवी डबी येत नाही आता."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू घरी येतेस ती पिळून वाळत घातल्यासारखी. तुला आणखी काय सांगायचं?"

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण आपला बाजार त्या आपणच करायच्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ताईने पिशवीत हात घालून नमुन्याची पांढरी डबी काढली आणि त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी ती फिरवून पाहिली, उघडली, नाकाशी नेली.

"वास तोच आहे गं. मग डबीचं असं का केलं मेल्यांनी?"

"मीच केलंय, आई."

सासूबाई खुर्चीत बसल्या, पाय सरळ केला. मग म्हणाल्या, "कुणी सांगितलं असेल म्हणून केलं असशील."

"हो."

"तू नाही म्हणाली नाहीस?"

"एकदा म्हणाले होते."

"एकदा म्हटलेलं कोण ऐकतं?"

ताईने त्यांच्या गुडघ्याला मलम चोळलं.

मग तिने अर्ध्या दिवसाच्या तीन रजा टाकल्या आणि औषधवाल्याकडे स्टुलावर जाऊन बसली. तीन दुपारी मिळून एकोणीस जणांनी ते मलम मागितलं. नावाने एकानेही नाही. कुणी म्हणे हिरवं द्या, कुणी बोटांनी डबीचा आकार दाखवी. एक आजोबा पांढरी डबी हातात घेऊन, "हे काहीतरी भलतंच दिसतंय," म्हणत परत गेले. मलम तेच आहे हे सांगत का नाही, असं तिने औषधवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "प्रत्येकाला समजावत बसलो तर दुकान कधी चालवू?" त्याचंही खोटं नव्हतं. तिने ज्याचे त्याचे शब्द वहीत उतरवले आणि वही घेऊन कारखान्यात गेली.

म्हातारे कारखानदार चष्मा लावून सगळी पानं वाचत बसले. पुतण्या शेजारीच होता.

"हे तेव्हाच का नाही बोललात?" त्यांनी विचारलं.

"बोलले होते. पण पुरेसं नाही बोलले."

पुतण्याने मान खाली घातली. तो हळूच म्हणाला, "पण गोदाम भरून पांढऱ्या डब्या पडल्यात."

"त्यांच्यावर हिरवी पट्टी चिकटवू. पट्टीवर जाड अक्षरात 'गुडघेदुखीचं मलम' आणि एक गुडघा काढू. पुढची छपाई नीट करू."

कारखानदारांनी वही मिटली. मग म्हणाले, "चिकटवणार कोण?"

चिकटवल्या त्या पॅकिंगच्या बायकांनी, आणि तोंडाचा पट्टाही सोडला. एकीने तर ताईच्या तोंडावरच सांगितलं, "कागदावर चुकणार तुम्ही आणि बोटं मोडणार आमची." पुढचे दोन रविवार ती त्यांच्याबरोबर टेबलाशी बसून पट्ट्या चिकटवत राहिली. दुसऱ्या रविवारी त्याच बाईने तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

नवी डबी आली. हिरवा रंग जुन्यापेक्षा गडद उतरला होता आणि ताईला ते खुपत होतं, पण शाई बदलून घ्यायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. सासूबाई स्वतः दुकानात जाऊन डबी घेऊन आल्या.

"काळपट झालीय जरा," त्या म्हणाल्या. "पण सापडली बाई."

ताई पायरीवर बसून चपला काढत होती. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, डबीचं झाकण काढलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"आण इकडे पाय," त्या म्हणाल्या.

"असू द्या हो, आई."

"आण म्हणते ना."

तिने पाय पुढे केला.